आपली जिज्ञासा : दल्लीच्या डोंगरातील लोखंड प्रथम कोणास सापडले?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत ‘प्रथम कोणी?’ हे दोन शब्द असतातच. पहिली छत्री कोणी उघडली, पहिले कुलूप कोणी घडविले, पहिला चहा कोणी उकळला. वाचकांच्या या जिज्ञासेचे आम्हांस कौतुकच वाटते. पण खरे सांगावयाचे तर अशा प्रश्नांपैकी फार थोड्यांचे उत्तर एका नावात आणि एका सनात मावते. या खेपेस भिलाईहून एका भगिनींचे जे पत्र आले आहे, त्याने हीच अडचण आमच्यापुढे इतक्या सरळपणे मांडली आहे की, इतर पत्रलेखकांची क्षमा मागून निम्म्याहून अधिक जागा त्या एकाच पत्रास देत आहोत.

त्या लिहितात : ‘माझा मुलगा सातवीत आहे. त्याने शाळेच्या वहीत लिहिले होते की, दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडाचा शोध १८८७ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी लावला. तो ते मोठ्याने वाचीत असता आमच्याकडे कामास येणाऱ्या मावशी ऐकत होत्या. त्यांचे माहेर दल्लीच्या बाजूचे. त्यांनी हसून विचारले, मग त्याच्या आधी आमच्याकडचे नांगराचे फाळ कशाचे होते? मुलगा गप्प झाला आणि मीही. वहीत काय लिहावे, हे आपण सांगाल काय?’

भगिनी, वहीतील वाक्य खोटे नाही आणि मावशींचा प्रश्नही चुकीचा नाही. दोहोंचा मेळ कसा घालावयाचा ते पाहू.

प्रमथनाथ बोस यांच्यापासूनच आरंभ करू. त्यांचा जन्म १८५५ मध्ये बंगालमध्ये झाला. लंडनमध्ये भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १८८० मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. त्या काळी अशा पदावर हिंदी माणूस विरळा. मध्यप्रांतातील डोंगरदऱ्या त्यांनी पायाखाली घातल्या आणि १८८७ मध्ये खात्याच्या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो तो येथूनच. परंतु त्या टिपणाचा मथळा काय होता, हे आपल्या मुलाने अवश्य ध्यानात घ्यावे. ‘रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाचा धंदा’ असा त्याचा विषय होता. दुर्ग जिल्हा त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. तो १९०६ मध्ये निराळा झाला, तोवर हा मुलूख रायपुरात मोडत असे. तेव्हा ‘पश्चिम भाग’ म्हणजे आपलाच परिसर. ‘धंदा’ म्हणजे तरी काय? जेथे कोणी लोखंड गाळीत नाही, तेथे लोखंडाचा धंदा असणार कोठून? म्हणजे बोस तेथे गेले तेव्हा भट्ट्या पेटलेल्या होत्या. ज्या टिपणामुळे शोधाचा मान त्यांना मिळाला, त्याच टिपणाच्या मथळ्यात मावशींच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे!

या भट्ट्या कोणाच्या? छत्तीसगड, मंडला आणि त्यांच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात लोखंड गाळण्याचे काम करणारी ‘अगरिया’ नावाची जमात आहे. व्हेरियर एल्विन यांनी या जमातीवर एक सबंध ग्रंथ लिहिला असून तो १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोहासुर, अग्यासुर आणि कोइलासुर हे अगरियांचे देव. पहिला लोखंडाचा, दुसरा अग्नीचा, तिसरा कोळशाचा. धातू, आग आणि इंधन या तिघांवाचून भट्टी चालत नाही, हे ज्यांनी आपल्या देव्हाऱ्यातच मांडून ठेवले, त्यांस लोखंड ‘माहीत नव्हते’ असे कोण म्हणेल?

त्यांची रीतही पाहण्याजोगी. मातीची, पुरुषाच्या छातीहूनही ठेंगणी अशी भट्टी. तीत वरून लाकडी कोळसा आणि फोडलेले खनिज आळीपाळीने टाकावयाचे, आणि खाली कातड्याच्या दोन भात्यांवर उभे राहून पायांनी वारा घालावयाचा. एक पाय खाली, एक वर, असे तासन् तास. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांची जोडी. कोळशातील कार्बन त्या ऑक्सिजनला ओढून नेतो आणि लोखंड मोकळे होते. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारे १,५३५ अंश सेल्सियस उष्णता लागते; तेवढी या भट्टीत निर्माण होत नाही. म्हणून लोखंड पाण्यासारखे वाहत नाही, मळी तेवढी वितळून बाहेर पडते आणि आत स्पंजासारखा सच्छिद्र गोळा उरतो. तो लालबुंद असतानाच घणाने ठोकून ठोकून उरलेली मळी झाडावयाची. मावशींनी सांगितलेले फाळ, कुऱ्हाडी, विळे अशाच लोखंडाचे असत.

मग हा धंदा बुडाला कसा? लोखंड वाईट होते म्हणून नव्हे. आगगाडीने विलायती लोखंड स्वस्त दराने खेड्यापाड्यांत येऊन पोहोचले. राखीव जंगलांच्या नियमांमुळे कोळशासाठी लाकूड मिळणे कठीण झाले. आणि भट्टीवर कर द्यावा लागे तो निराळाच. या तिन्हींपुढे पायाने चालणारा भाता किती दिवस टिकणार?

आता दुसरा धागा हाती घेऊ. तो नागपूरचा आहे, आणि आमच्या विदर्भातील वाचकांस तो विशेष रुचेल. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, हे अनेकांस ठाऊक असेल. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे, असे त्यात म्हटले होते. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. जवळच वरोऱ्यास दगडी कोळशाची खाण. लोखंड येथे, कोळसा तेथे, आणखी काय हवे? पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या कामास योग्य ठरला नाही. शिवाय त्या वेळचे खाणींविषयीचे सरकारी नियम इतके जाचक होते की, खाजगी माणसाने त्यांत हात घालणे म्हणजे लोखंडाचे चणे खाणेच. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत ते नियम सैल झाले आणि जमशेटजींनी पुन्हा उचल खाल्ली.

१९०३ मध्ये सी. एम. वेल्ड हे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ टाटांच्या वतीने चांद्याच्या जंगलात फिरू लागले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि आप्त शापूरजी सकलातवाला हेही या मोहिमेत होते. (हेच शापूरजी पुढे इंग्लंडात स्थायिक झाले आणि १९२२ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असूनही मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून, ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. ज्या मुलखात ते लोखंड शोधीत हिंडले, तेथे अर्ध्या शतकानंतर सोव्हिएत तंत्रज्ञ येऊन पोलादाचा कारखाना उभारतील, हे तेव्हा त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.) लोहाऱ्याचे खनिज चांगले, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके नाही, असा वेल्ड यांचा निर्णय पडला. तेव्हा हा नाद सोडल्याचे कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्या अधिकाऱ्यास भेटावयाचे ते जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले.

हे संग्रहालय म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’. १८६३ मध्ये स्थापन झालेला. तेथे मध्यप्रांताचा एक रंगीत भूस्तरीय नकाशा होता, आणि त्यात दुर्गच्या बाजूस लोखंडाच्या खुणा दाट होत्या. दोराबजींनी वेल्ड यांस तो दाखविला. नागपुराहून सुमारे १४० मैलांवरचा हा मुलूख. त्या परिसराची पाहणी बोस यांनी सोळा वर्षांपूर्वीच केलेली होती. मंडळी दल्लीच्या डोंगरावर चढली, तेव्हा पायांखालचा खडक धातूसारखा वाजू लागला, असे त्या सफरीचे वर्णन करतात. खनिजात लोखंडाचे प्रमाण शेकडा साठाहून अधिक निघाले.

एखादा अधिकारी दुपारी जागेवर नसणे ही गोष्ट कचेरीत खेटे घालणाऱ्या वाचकांस नवी नाही. पण तिचा असा उपयोग क्वचितच होतो!

इतके होऊनही कारखाना झाला नाही. लोखंड होते; जवळपास कोक करण्याजोगा कोळसा नव्हता आणि पाण्याची सोय नव्हती. दल्लीचे खनिज नेऊन संबळपूरच्या बाजूस महानदीकाठी कारखाना काढावा, असाही बेत काही काळ घोळत होता. इतक्यात २४ फेब्रुवारी १९०४ या तारखेचे एक पत्र जमशेटजींस आले. मयूरभंज संस्थानात गोरुमहिसानी येथे विपुल लोहखनिज आहे आणि झरियाचा कोळसा तेथून जवळ आहे, असा त्याचा मजकूर होता. लिहिणारे कोण? प्रमथनाथ बोसच! १९०३ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ अशा थॉमस हॉलंड यांस खात्याचे प्रमुख नेमण्यात आले, तेव्हा सरकारी नोकरी सोडून ते मयूरभंजच्या महाराजांकडे गेले होते. जमशेटजी त्याच वर्षी १९ मे रोजी जर्मनीत वारले; पण त्या पत्रातून साकचीचा, म्हणजे पुढील जमशेदपूरचा कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तेथे पोलाद तयार होऊ लागले. ज्या माणसाच्या टिपणात दल्लीचे लोखंड प्रथम नोंदले गेले, त्याच्याच पत्राने दल्लीचा डोंगर आणखी अर्धे शतक मागे पडला.

या अर्ध्या शतकात परिस्थिती पालटली. दुष्काळांनी गांजलेल्या या भागात शेतीसाठी तांदुला नदीवर मोठे धरण बांधण्यात आले. ते १९२१ मध्ये पुरे झाले. पुढे कारखान्यास पाणी मिळाले ते याच तांदुल्याचे. मुंबई-हावडा लोहमार्ग भिलाईवरून जातोच. चुनखडी नंदिनीस, डोलोमाइट बिलासपूरकडे हिर्री येथे, मँगेनीज भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत. खनिज नव्वद किलोमीटरांच्या आसपास, दक्षिणेस. कोळसा मात्र झरिया-बोकारोकडून शेकडो मैलांवरूनच आणावा लागणार होता. जी अडचण १९०३ मध्ये होती ती १९५५ मध्येही नाहीशी झालेली नव्हती. फरक पडला तो हिशेबात. एका व्यापारी घराण्यास न परवडणारी गोष्ट स्वतंत्र देशाच्या सरकारने आवश्यक ठरविली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. कर्ज अडीच टक्के व्याजाचे, बारा वर्षांत फेडावयाचे. आणि आरंभीचे उत्पादन वर्षास दहा लाख टन. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. रुरकेल्याचा कारखाना जर्मनांच्या आणि दुर्गापूरचा इंग्रजांच्या साहाय्याने याच सुमारास उभा राहिला.

कारखाना आणि नगरी यांसाठी ज्या गावांची जमीन गेली, त्यांतील काहींची नावे आपण रोज उच्चारता. मरोदा, रिसाली, रुआबांधा. पत्त्यात लिहिली जातात ती आज सेक्टरांची नावे म्हणून. पण आधी ती गावे होती.

आता वहीतील वाक्य. हे सदर अनेक भाषांत निघते आणि मजकुराची भाषांतरे करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे असते. त्यामुळे ‘शोध’ या शब्दाशी आमची जुनी झटापट आहे. हिंदीत खोज निराळी आणि आविष्कार निराळा. मराठीत मात्र हरवलेल्या बैलाचाही शोध, अमेरिकेचाही शोध आणि वाफेच्या यंत्राचाही शोधच! तथापि आपल्या भाषेने क्रियापदांत भेद ठेवला आहे. शोध घेतात, शोध लावतात आणि शोध लागतो. शोध घेतला दोराबजी आणि वेल्ड यांनी. आणि तो लागला एका रिकाम्या दुपारी. बोस यांनी काय केले? त्यांनी पाहिले, मोजले आणि लिहून ठेवले. हे काम लहान नव्हे; लिहून ठेवले नसते तर नकाशा रंगला नसता. पण डोंगरात लोखंड आहे हे त्या डोंगराखालच्या माणसांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. ज्या जमीनदारीत हे डोंगर येत, तिचे नाव डौंडी-लोहारा. चांद्याचे तेही लोहाराच. दोन्ही नावांत लोहार ऐकू येतो.

तेव्हा आपल्या मुलास असे लिहिता येईल : ‘दल्ली-राजहरा परिसरातील लोक पूर्वीपासून लोखंड गाळीत असत. प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये त्या धंद्याची आणि तेथील खनिजाची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली.’ परीक्षेत ‘शोध कोणी लावला’ असा प्रश्न आला तर बोस यांचेच नाव लिहावे, गुण त्यालाच मिळतील. पण पहिले वाक्यही लिहावे. मावशींच्या माहेरी जुन्या भट्टीची मळी कोठे पडलेली कोणाच्या पाहण्यात आहे काय, हे त्यांस विचारून आम्हांस अवश्य कळवावे. काळपट, जड आणि काचेसारखी चकाकणारी अशी ती असते.

*

बडोद्याचे एक वाचक विचारतात : लोखंड, बीड आणि पोलाद हे एकाच धातूचे तीन प्रकार असतील, तर शब्द तीन का?

धातू एक, पण वागणूक तीन तऱ्हेची. हे स्वयंपाकघरातच पाहता येते. बिडाचा तवा हातून निसटून फरशीवर पडला तर तडकतो. लोखंडी पळी वाकते, तुटत नाही. आणि विळीचे पोलादी पाते धार धरते. हा सारा कार्बनच्या प्रमाणाचा खेळ. झोतभट्टीतून निघणाऱ्या लोखंडात कार्बन शेकडा चारच्या आसपास असतो. त्यामुळे ते कमी उष्णतेवर वितळते, साच्यात सुखाने ओतता येते, पण ठिसूळ राहते. हे बीड. अगरियांच्या भट्टीतील ठोकीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो, म्हणून ते मऊ. दोहोंच्या मधले ते पोलाद. भिलाईत बिडातील जादा कार्बन आरंभी ओपन हार्थ भट्ट्यांत जाळीत, पुढे ऑक्सिजनचा झोत सोडून जाळू लागले.

शब्दांचे म्हणाल तर ‘लोखंड’ हा ‘लोहखंड’ यापासून आला. ‘पोलाद’ फारसी आहे. रसशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांतील ‘तीक्ष्ण’ म्हणजे पोलाद, आणि त्यावरूनच मराठीत ‘तिखे’ असा शब्द रूढ होता. मोल्सवर्थच्या कोशात तो मिळेल; बोलण्यात मात्र पोलादाने तिख्यास केव्हाच हटविले. गंमत अशी की, ज्या पोलादासाठी इराणी व्यापारी तेलंगणात कोनसमुद्रमपर्यंत येत, ते पोलाद येथलेच, आणि आपण त्यास नाव मात्र त्यांचे दिले. तिकडे इंग्रजांनी त्याच पोलादास ‘वूट्झ’ म्हटले; तो शब्द कानडी ‘उक्कु’चा अपभ्रंश मानतात.

*

हुबळीच्या एका आजीबाईंची तक्रार आहे की, पूर्वी आगगाडीत बसले म्हणजे ‘खडक-खडक’ असा ताल ऐकत झोप लागे. आता तो ताल नाहीसा झाला, तो कोणी चोरला?

आजी, या चोरीत भिलाईचाही हात आहे! तो ताल चाकांचा नव्हता, रुळांच्या सांध्यांचा होता. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली तेव्हाचे रूळ विलायतेहून जहाजाने आलेले. जहाजातून काय किंवा मालगाडीतून काय, फार लांब रूळ नेता येत नसत. पुष्कळ वर्षे आपल्याकडे तेरा मीटर लांबीचा रूळ प्रचारात होता. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. उष्णता चाळीस अंशांनी वाढली तर असा रूळ सुमारे सहा मिलिमीटर लांबतो. म्हणून दोन रुळांमध्ये फट ठेवीत आणि प्रत्येक चाक त्या फटीवर एक ठोका देई.

आता रूळ एकमेकांस सांधून लांबच लांब पट्टा करतात. भिलाईत तर १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो आणि असे दोन सांधून २६० मीटरांचा पट्टा रवाना केला जातो. मग उन्हाळ्यात तो लांबत का नाही? लांबू पाहतो, पण जड काँक्रीटचे स्लीपर आणि त्यांभोवतीची खडी त्यास घट्ट धरून ठेवतात, आणि तो ताण रूळ आपल्या पोटात सोसतो. पट्ट्याच्या टोकांशी हालचालीस वाव देणारे खास सांधे ठेवलेले असतात.

आपला ताल अगदीच नाहीसा मात्र झालेला नाही. हुबळीच्या फलाटाजवळ गाडी रूळ बदलते, तेथे डोळे मिटून ऐकावे. पाचसहा ठोके तरी पदरात पडतील.